स्कॅन क्लीन येतंय तरी अकाउंट परत परत का जातंय?

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. ताई घरून केक करतात, दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतात, सगळं गिऱ्हाईक इन्स्टाग्रामवरचं. पंधरा दिवसांपूर्वी भाच्याने त्यांच्या लॅपटॉपवर फोटो एडिटिंगचं एक महागडं सॉफ्टवेअर फुकट मिळालं म्हणून टाकून दिलं. दोन दिवसांनी त्यांच्या इन्स्टावरून गिऱ्हाइकांना क्रिप्टोत पैसे गुंतवा असे मेसेज जायला लागले. ताईंनी पासवर्ड बदलला, तीन दिवसांनी परत तेच. अँटीव्हायरसने तीनदा स्कॅन केलं, प्रत्येक वेळी सगळं क्लीन. आता त्या विचारतायत की व्हायरस नाहीये तर हे होतंय कसं, आणि लॅपटॉप विकून टाकू का.

ताई, लॅपटॉप विकू नका, त्यातल्या यंत्राला काही झालेलं नाहीये. पण हे वाचताय तोवर त्याचं वायफाय बंद करा आणि त्यावरून एकही पासवर्ड टाकू नका, हे आधी करा मग पुढचं वाचा.

नारायण पेठेत मी गेली १८ वर्षं मशीन दुरुस्त करतोय, आधी पेनड्राइव्हमधले शॉर्टकट व्हायरस यायचे, मग फाइली लॉक करून पैसे मागणारे यायला लागले, आणि आता गेली चारेक वर्षं माझ्याकडे सगळ्यात जास्त येतं ते हेच, ज्याला इन्फोस्टीलर म्हणतात. याचं वागणं जुन्या व्हायरससारखं नाही म्हणून लोक फसतात. मशीन स्लो होत नाही, स्क्रीनवर काही येत नाही, फाइल एकही जात नाही. हा आत येतो, मिनिटभरात हवं ते गोळा करून एका गठ्ठ्यात बांधून बाहेर पाठवतो आणि पुष्कळदा स्वतःची फाइल डिलीट करून निघून जातो. म्हणजे तुम्ही तीन दिवसांनी स्कॅन लावता तेव्हा सापडायला तिथे काही उरलेलंच नसतं. अँटीव्हायरस खोटं बोलत नाहीये, तो आज मशीनमध्ये काय आहे ते सांगतोय, पंधरा दिवसांपूर्वी काय गेलं ते त्याला ठाऊक नाही.

गठ्ठ्यात काय जातं ते नीट समजून घ्या कारण पुढची सगळी दुरुस्ती त्यावर आहे. सगळ्यात आधी ब्राउझर. क्रोमने तुमचे पासवर्ड जतन केलेले असतात ते लॉगिन डेटा नावाच्या एका छोट्या फाइलमध्ये असतात, कुलूप लावून, आणि त्या कुलपाची किल्ली शेजारच्याच लोकल स्टेट नावाच्या फाइलमध्ये असते. ती किल्लीसुद्धा विंडोजने बंद केलेली असते, पण तुमच्या नावाने लॉगिन असताना चालणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामने मागितली तर विंडोज ती उघडून देतो, त्याला वाटतं तुम्हीच मागताय. गुगलने जुलै २०२४ मध्ये क्रोम १२७ पासून याला आणखी एक कडी लावली, आधी कुकीजना (त्या म्हणजे काय ते खाली सांगतो), पण काही आठवड्यांतच या टोळ्यांनी त्याच्यावरही तोडगा काढला. पासवर्डसोबत ऑटोफिलमधले पत्ते, फोन नंबर, जतन केलेली कार्डं. मग टेलिग्रामचं लॉगिन फोल्डर, डिस्कॉर्ड, स्टीम, वेबसाइटवाल्यांच्या फाइलझिलामधले पासवर्ड, क्रिप्टो वॉलेट. डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये ज्या टेक्स्ट, वर्ड, पीडीएफ फाइली पडलेल्या असतात त्यापण उचलतो, आणि आपल्याकडे डेस्कटॉपवर आधारची पीडीएफ, पॅनचा स्कॅन आणि "पासवर्ड" नावाची नोटपॅड फाइल नाही असं घर मी क्वचित बघितलंय. शेवटी त्या क्षणाचा स्क्रीनशॉट आणि मशीनची माहिती.

आणि कुकीज. ताई, तुमचा खरा घोळ इथे आहे, त्यामुळे यावर जरा थांबतो.

तुमच्या सोसायटीच्या गेटवर कामवाल्या मावशींना पास दिलेला असतो ना, पहिल्या दिवशी वॉचमनने आधार बघितलं, फोन करून विचारलं, फोटो काढला आणि पास दिला, त्यानंतर रोज पास दाखवला की आत. कुकी म्हणजे तो पास. तुम्ही एकदा पासवर्ड टाकला, ओटीपी टाकला, इन्स्टाने तुमच्या ब्राउझरला पास दिला, म्हणून रोज पासवर्ड विचारत नाही. चोराने तो पासच झेरॉक्स करून नेला तर त्याला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीपण लागत नाही, इन्स्टाच्या दृष्टीने तो तुमचाच जुना ब्राउझर. म्हणूनच "मी टू स्टेप (पासवर्डनंतर ओटीपी) लावलं होतं तरी गेलं" असं सांगणारे लोक येतात आणि ते खरंच बोलत असतात. पासवर्ड बदलल्यावर गुगल बहुतेक ठिकाणची लॉगिन तोडतं, पण प्रत्येक साइट तसं करतेच असं नाही, काही ठिकाणी तुम्हाला स्वतः जाऊन सगळीकडून लॉगआउट म्हणावं लागतं. वॉचमनला सांगावं लागतं की जुने सगळे पास रद्द.

तर तुमचं परत का गेलं याची माझ्या अंदाजाने तीन कारणं, बहुतेक तिन्ही एकदम. एक, जुनी लॉगिन चालूच राहिली. दोन, तुम्ही नवा पासवर्ड त्याच लॅपटॉपवरून टाकला, आणि सगळेच स्टीलर निघून जात नाहीत, क्रॅकच्या, म्हणजे महागडं सॉफ्टवेअर कुलूप तोडून फुकट वाटतात त्याच्या, सेटअपमध्ये पुष्कळदा सोबत एक लोडर येतो जो मागे राहतो आणि हवं तेव्हा परत काहीतरी डाउनलोड करून चालवतो. तीन, आणि याच्याकडे कोणी बघत नाही, तुमच्या जीमेलमध्ये शिरून त्याने फिल्टर लावून ठेवला असेल की इन्स्टाकडून आलेला मेल थेट ट्रॅशमध्ये किंवा त्याच्या पत्त्यावर. मग तुम्ही दहा वेळा पासवर्ड बदला, रीसेटची लिंक त्यालाच मिळतेय.

म्हणून क्रम सांगतो तसाच ठेवा. लोक आधी लॅपटॉप फॉरमॅट करतात, त्यात एक दिवस जातो, तेवढ्या दिवसात समोरचा मजेत तुमच्या मेलमध्ये बसलेला असतो. आधी अकाउंट, मग मशीन.

अकाउंटचं काम फोनवरून करा, पण त्याआधी फोन एकदा बघून घ्या. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका, आरटीओचं चलान, बँकेचं केवायसी अशा नावाची एपीके फाइल (फोनमध्ये अॅप टाकणारी) कोणी पाठवली होती आणि ती इन्स्टॉल केली गेली असं काही झालंय का? ती तुमच्या ओटीपीचे मेसेज पुढे पाठवते. सेटिंग्जमध्ये अॅप्सची पूर्ण यादी बघा, ज्याला नाव नाही किंवा आयकॉन नाही असं काही असलं तर तो फोन वापरू नका, यजमानांचा घ्या.

मग जीमेल. गुगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये जाऊन आधी पासवर्ड बदला, मग तुमची उपकरणं म्हणून यादी येते त्यातून तो लॅपटॉप आणि जे जे ओळखीचं नाही ते साइन आउट करा. रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल तुमचाच आहे का बघा, एक आकडा जरी वेगळा असला तरी. टू स्टेपमध्ये तुम्ही न लावलेलं ऑथेंटिकेटर किंवा पासकी दिसली तर काढा, बॅकअप कोड नवीन काढा म्हणजे जुने बाद होतात. अॅप पासवर्ड असले तर उडवा. थर्ड पार्टी अॅक्सेसमध्ये कुठली अनोळखी अॅप असली तर तीही. आणि मग ते फिल्टर आणि फॉरवर्डिंग, जीमेल अॅपमध्ये हे पूर्ण दिसत नाही, फोनच्या ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट करून सेटिंग्ज उघडा, थोडं बारीक दिसेल पण बघाच. मागच्या आठवड्यात एका बाईंच्या मेलमध्ये मला फिल्टर सापडला, "सिक्युरिटी" शब्द असलेला प्रत्येक मेल वाचलेला म्हणून मार्क करून डिलीट. सहा महिने त्या बाईंना एकही अलर्ट आला नव्हता आणि त्यांना वाटत होतं सगळं ठीक चाललंय.

मेल हातात आला की इन्स्टा, अकाउंट्स सेंटरमध्ये पासवर्ड आणि सिक्युरिटी, तिथे कुठे कुठे लॉगिन आहे ते दिसतं, सगळं निवडून लॉगआउट, मग नवा पासवर्ड, मग टू स्टेप. फेसबुक पेज जोडलेलं असेल तर त्याचे अॅडमिन कोण कोण आहेत तेही बघा, जाहिरातींसाठी कार्ड जोडलं असेल तर काढून टाका. व्हॉट्सअॅपमध्ये लिंक्ड डिव्हायसेसमधून लॅपटॉप काढा. टेलिग्राम वापरत असाल तर बाकी सगळी सेशन बंद करा.

बँकेचं वेगळं सांगतो. यूपीआय फोनवर असतं, ते लॅपटॉपमधून जात नाही, त्याची काळजी कमी करा. पण नेटबँकिंगचा पासवर्ड क्रोमने जतन केला असेल तर तो गेला असंच धरा आणि बदला, आणि जे कार्ड ब्राउझरमध्ये होतं ते बँकेला सांगून ब्लॉक करून नवीन घ्या, परदेशी साइटवर कित्येकदा ओटीपी लागत नाही. खात्यातून खरंच पैसे गेले असतील तर एक मिनिट न थांबता १९३० ला फोन करा, पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत अडवता येतात म्हणून तो नंबर आहे, आणि तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर. बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात ३ वर्किंग दिवसांचा मुद्दा आहे, चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही असं असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तेवढ्यात कळवलंत तर नुकसान तुमच्यावर येत नाही, त्यामुळे कळवल्याची तारीख आणि तक्रार नंबर जपून ठेवा. आधारची पीडीएफ डेस्कटॉपवर होती तर आधारचे बायोमेट्रिक लॉक करून टाका, आणि दोन तीन महिने क्रेडिट रिपोर्ट बघत राहा की तुमच्या नावाने कोणी कर्ज तर घेतलं नाही.

आता मशीन. याबाबतीत माझं मत पक्कं आहे, स्टीलर लागलेलं मशीन मी साफ करून परत देत नाही, विंडोज नव्याने टाकूनच देतो. लोक म्हणतात एवढं कशाला, स्कॅन तर क्लीन आहे. का ते एका मशीनवरून सांगतो. भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपचे अकाउंटंट काका लॅपटॉप घेऊन आले होते, त्यांनी क्रॅकबिक काही टाकलं नव्हतं, जीएसटीचा कुठला तरी फॉर्म शोधत होते आणि एक पान उघडलं, तिथे "मी रोबो नाही" असं तपासायचं होतं, त्यावर टिक केल्यावर पानाने सांगितलं विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. काकांनी केलं. त्यांना वाटलं नवीन पद्धत असेल. मी रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडली, विंडोज आणि आर दाबल्यावर उघडणाऱ्या रन बॉक्समध्ये टाईप केलेल्या ओळी विंडोज रन एमआरयू नावाच्या एका कप्प्यात लिहून ठेवतो, आणि तिथे ती ओळ होती. सुरुवातीला पॉवरशेल (विंडोजला लेखी हुकूम देण्याचं साधन), मग एक लांबलचक पत्ता, मग पुष्कळ मोकळी जागा आणि सगळ्यात शेवटी इंग्रजीत "मी रोबो नाही, व्हेरिफिकेशन आयडी" आणि एक आकडा. रन बॉक्स छोटा असतो, त्यात ओळीची शेपटीच दिसते, काकांना फक्त तो व्हेरिफिकेशनचा आकडा दिसला होता. ती ओळ त्या पानाने क्लिपबोर्डवर गुपचूप ठेवलेली होती. काका दोन मिनिटं त्या स्क्रीनकडे बघत होते, म्हणाले मीच माझ्या हाताने एंटर दाबलं. त्यांना मी सांगितलं तेच इथे सांगतो, ही माणसं दिवसभर हेच करतात, त्यात तुमची लाज कसली.

तर त्या मशीनवर तीन वेगवेगळ्या स्कॅनरनी काही दाखवलं नाही. मग मी डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसच्या, सेटिंगमध्ये एक्सक्लुजन्स, म्हणजे स्कॅनमधून वगळलेल्या जागा, बघितले, तिथे सी ड्राइव्ह अख्खाच्या अख्खा वगळलेला होता. आत आलेल्याने पहिलं काम ते केलं होतं. टास्क शेड्यूलरमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) एका नामांकित ब्राउझरच्या अपडेटच्या नावाखाली एक काम दर तासाला चालत होतं आणि ते टेम्प फोल्डरमधल्या फाइलकडे बोट दाखवत होतं. हे मला सापडलं. जे नाही सापडलं ते नाहीच असं मी कोणाला छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि त्याच मशीनवरून काका उद्या कंपनीचे पगार करणार, म्हणून फॉरमॅट.

ताई, तुमच्या लॅपटॉपवर डाउनलोड्समध्ये तो सेटअप अजून असेल तर त्याची साइज बघा. या फाइली मुद्दाम फुगवलेल्या असतात, आत नुसती शून्यं भरून ७००-८०० एमबी करतात, कारण फार मोठी फाइल पुष्कळ स्कॅनर तपासत नाहीत, आणि झिप केली की तीच पाच दहा एमबीत बसते. झिपला पासवर्डही असतो म्हणजे ब्राउझरला आत डोकावता येत नाही. आणि सोबतच्या नोटपॅडमध्ये लिहिलेलं असतं, इन्स्टॉल करताना अँटीव्हायरस बंद ठेवा. उघडू मात्र नका, नुसता नाव, साइज आणि तारखेचा फोटो काढून ठेवा, तक्रार करायला लागली तर ती तारीख लागते.

फॉरमॅटसाठी ८ जीबीचा किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्या, दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूलने विंडोज त्यात उतरवा. दुसऱ्या कोणाकडची विंडोज घेऊ नका, त्यातच पुन्हा क्रॅक असतं. बॅकअप घेताना फोटो, एक्सेलमधल्या ऑर्डरी, पीडीएफ एवढंच घ्या, सेटअप, झिप, शॉर्टकट काही नको. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून लिहून घ्या, फोनवरून बघता येते. मग पेनड्राइव्हवरून बूट करून विंडोजच्या ड्राइव्हची जुनी पार्टिशन उडवून नवीन टाका, बॅकअप दोनदा तपासल्याशिवाय हे करू नका. लॅपटॉपसोबत आलेली विंडोज असेल तर लायसन्स आपोआप लागतं, त्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. आणि अजून विंडोज १० असेल तर त्याचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलेत, मशीन चालत असेल तर ११ च टाका.

फॉरमॅट अगदीच आत्ता जमत नसेल तर निदान एवढं. एक्सक्लुजन्स रिकामे करा, मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा, तो विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतो म्हणून लपलेलं सापडायची शक्यता जास्त. मग मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स नावाचं छोटं टूल, सुरू होताना काय काय चालतं त्याची पूर्ण यादी देतं, त्यात अॅपडेटा किंवा टेम्पमधून चालणारं काहीही संशयास्पद. क्रोमची एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी जोडकामं, एकेक बघा. सीईआरटी इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर फुकट टूल्स आहेत, तीही चालतील. पण हे झाल्यावरही त्या मशीनवर बँक उघडू नका.

नवीन विंडोजवर क्रोममध्ये साइन इन केलं की सिंकमधून जुनी एक्स्टेन्शन्स परत येतात, त्यातलं एखादं खराब असेल तर सगळी मेहनत वाया, म्हणून साइन इन केल्या केल्या नको ती काढून टाका. आणि ब्राउझरमध्ये पासवर्ड ठेवणं बंद करा, वेगळा पासवर्ड मॅनेजर वापरा, निदान मेल आणि बँकेचा तरी पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा. वहीला हसणारे भेटतील, घरात बसून धंदा करणाऱ्या बाईसाठी वही मला चांगली वाटते, ती इंटरनेटवरून कोणी नेत नाही.

मॅकवाल्यांनी निवांत होऊ नये, २०२३ पासून अॅटॉमिक नावाचा स्टीलर मॅकसाठी आहे, तो सिस्टीमसारखी दिसणारी खिडकी उघडून तुमच्याच मॅकचा पासवर्ड मागतो.

हे करणारी पोरं हुशार असतात असंही नाही, हे सॉफ्टवेअर भाड्याने मिळतं. ल्युमा नावाचा महिना २५० डॉलरपासून मिळायचा. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचे सुमारे २,३०० डोमेन (वेबसाइटचे पत्ते) बंद पाडले आणि अमेरिकेच्या न्याय खात्याने त्याची मुख्य नियंत्रण यंत्रणा ताब्यात घेतली, त्याआधीच्या फक्त दोन महिन्यांत जगभरात ३ लाख ९४ हजारांवर विंडोज कॉम्प्युटरना तो लागलेला मायक्रोसॉफ्टला दिसला होता. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये डच पोलिसांनी इतर देशांच्या पोलिसांसोबत रेडलाइन आणि मेटा (फेसबुकची कंपनी नव्हे) हे स्टीलर बंद केले. एक बंद झाला की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं, आणि तुमचा गठ्ठा एकदा बाजारात गेला की तो एकाकडून दुसऱ्याकडे विकला जातो, म्हणून सहा महिन्यांनी अचानक कुठल्या तरी जुन्या साइटवर लॉगिन दिसलं तर नवा व्हायरस आला असं समजू नका, तो जुन्याच गठ्ठ्यातला न बदललेला पासवर्ड असतो. क्रोममधली जतन केलेल्या पासवर्डची यादी फोनवर उघडा आणि वरपासून खालपर्यंत सगळे बदला, कंटाळवाणं आहे, रोज दहा करा, पण सोडू नका.

भाच्याला रागावू नका. त्याला शेजारी बसवा आणि नेमकी कुठल्या साइटवरून, कुठल्या तारखेला फाइल घेतली ते विचारा, आणि त्याने तीच फाइल स्वतःच्या किंवा मित्राच्या मशीनवर टाकली आहे का तेही, कारण टाकली असणार. मार खाल्लेला मुलगा हे सांगत नाही.

आणि एक काम आजच, फॉरमॅट परवा झाला तरी चालेल. तुमच्या नावावर विश्वास ठेवून कोणी पैसे पाठवायच्या आत व्हॉट्सअॅप स्टेटसला आणि गिऱ्हाइकांच्या ग्रुपला टाका, असं काहीतरी: "माझं इन्स्टा अकाउंट हॅक झालं होतं. पैसे गुंतवण्याबद्दल माझ्या नावाने आलेला कुठलाही मेसेज माझा नाही, लिंक उघडू नका. कोणी पैसे पाठवले असतील तर लगेच १९३० ला फोन करा आणि मला कळवा. ऑर्डरी नेहमीप्रमाणे चालू आहेत, सध्या फोनवर घेतेय."